किट कोणी खाल्लं?

क्षयाच्या पेशंटचं वजन सरकलं नाही की आमच्याकडे पहिला प्रश्न गोळ्यांचा येतो, दुसरा किटचा, म्हणजे पेशंटला दर महिन्याला मिळणाऱ्या शिध्याचा. भांडुपच्या डोंगरावरच्या त्या बाईंच्या बाबतीत (नाव सांगत नाही, वहिनी म्हणू) पहिल्या प्रश्नाला जागाच नव्हती. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्या दर खेपेला पिशवीतून काढून टेबलावर मांडायच्या. लघवी नारिंगी होते हेही न विचारता सांगायच्या. खोकला थांबला, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. वजन मात्र ३७ वर रुतून बसलेलं. उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जेमतेम १६.

सुपरव्हायझर सरांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "दात्याने दिलेलं किट दर महिन्याला जातंय ना? मग जातं कुठे? घरी जाऊन समज द्या, आणि किट खातानाचा फोटो घेऊन या." मी टीबी हेल्थ व्हिजिटर. घरोघर जाणं हेच माझं काम, त्यामुळे जायला ना नव्हती. फोटोचं मात्र मनात ठेवलं. जेवणाऱ्या माणसाच्या ताटावर मोबाइल धरायचा नसतो, निदान आमच्या घरी तरी असं शिकवलं होतं.

भांडुप पश्चिमेला रिक्षा सोडते तिथून पुढे पायऱ्याच पायऱ्या. मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेले. खोली एक, वर पोटमाळा, माणसं सहा. वहिनींचे यजमान मुलुंडला एका बिल्डिंगचे वॉचमन, नाइट करून आलेले, माळ्यावर झोपले होते. दीर कुरिअर टाकतो. दोन मुलं, आणि सासूबाई. माणसं संगमेश्वरकडची.

"किट दाखवता का?" म्हटल्यावर आजींनी एकेक डबा खाली उतरवला. लपवाछपवी काही नाही. तूरडाळ निम्म्याच्या खाली. शेंगदाणे भाजून कूट केलेले, कारण कूट भाजीत घातलं की सगळ्यांना पुरतं. दूध पावडरच्या बरणीत तळाला दोन चमचे, आणि बरणीशेजारी मुलांचे स्टीलचे दोन पेले उपडे घातलेले. किट येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

मग वहिनींनी पानं वाढली. मी बोलत होते, पण डोळा पळीवर होता. आधी मुलं, मग दीर, यजमानांचं ताट झाकून बाजूला, मग आजी. आमटीची पळी दर वाढणीला आणखी खोल जात होती. शेवटी वहिनींनी टोपाच्या तळाची खरवड काढून घेतली, तिच्यावर डाळीचं वरचं पाणी ओतलं आणि भिंतीला टेकून जेवायला बसल्या. चार घासांत आटोपलं. "मला एवढंच जातं हो ताई," म्हणाल्या. गोळ्यांनी भूक मेलेली असते तो काळ केव्हाच मागे पडला होता. हे जात नव्हतं असं नाही, वाट्यालाच एवढं येत होतं.

"आजी, हे किट सूनबाईंच्या नावाचं आहे," मी म्हटलं. आजी शांतपणे म्हणाल्या, "पोरांच्या तोंडासमोर एकटीनं कसं खायाचं गं बाय? तूच सांग."

यावर कोणतं ट्रेनिंग उत्तर देतं?

वजनकाटा मी सोबत नेला होता. घरातल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी करायचीच होती, म्हणून एकेकाला उभं केलं. उपचार सुरू झाले तेव्हाचे आकडे माझ्याकडे होते. धाकटी मुलगी जवळजवळ किलोभर वाढलेली, आजी दीड किलोने. म्हणजे किटचं वजन घरातच होतं, फक्त आमच्या रजिस्टरमध्ये ज्या नावापुढे यायला हवं तिथे नव्हतं.

तिथे बसल्याबसल्या मला झारखंडचा अभ्यास आठवला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे सरकारच्याच पैशातून झालेला. नाव 'राशन्स', निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. चार जिल्हे, २,८०० रुग्ण, त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. पेशंटला महिन्याला १० किलोचा शिधा सगळीकडेच दिला. आजाऱ्याला उपाशी ठेवून तुलना करणं त्यांनी टाळलं. फरक केला तो घरच्यांत. निम्म्या गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसालाही महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, दुसऱ्या गटात घरच्यांना काही नाही. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. फुफ्फुसाच्या, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. डाळतांदळाने! आणि पेशंटांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी. वहिनींच्या हिशेबात ५ टक्के म्हणजे दोन किलोच्याही आत.

आम्हाला नोकरीच्या सुरुवातीला वेगळंच शिकवलं होतं: गोळ्या चुकवू नका, खाण्याचं मागाहून. त्याचं मूळही सरकारी संशोधनातच आहे. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की गरिबाघरी, निकृष्ट जेवणावर राहून गोळ्या घेणारा पेशंट सॅनेटोरियममध्ये चांगलं खाणाऱ्याइतकाच जंतुमुक्त होतो. त्यानेच लाखो लोकांना घरी बसून उपचार मिळाले, हे उपकार थोडे नाहीत. पण ताटाकडचं लक्ष उडालं ते तेव्हाच, असं मला वाटतं. जंतू गेला का, एवढंच विचारलं की उत्तरही तेवढंच मिळतं.

झारखंडमध्ये पेशंटच्या शिध्यातून रोज १,२०० कॅलरी मिळायच्या. आमचं किट तेवढं भरघोस धरलं तरी सहा तोंडांत माणशी २०० झाल्या, दोन पोळ्यांएवढ्या. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये पेशंटला येतात, त्यातून सिलिंडर आला की उरतं किती?

दुसऱ्या दिवशी सरांसमोर फोटोऐवजी सहा वजनांचा कागद ठेवला. म्हटलं, "सर, किट वाया गेलेलं नाही. ज्यांना क्षय व्हायची सगळ्यात जास्त भीती, त्यांच्याच पोटात गेलंय. समज कोणाला देऊ?" सर थोडे चिडले, "मग पेशंटने काय खायचं?" "तेच म्हणते, आणखी एक किट लागेल. घरच्यांचं." दात्यांकडून किट मिळवून देणाऱ्या निक्षय मित्र योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून घरच्यांनाही धरलंय, हे परिपत्रक त्यांच्याच फाइलमध्ये होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि दात्याला फोन मात्र मलाच करायला सांगितला. दाते म्हणजे मुलुंडचे एक व्यापारी. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत? एकट्या बाईला खाऊ घालून कुठलं घर चालतं?"

मुलांचे आणि आजींचे एक्सरे स्वच्छ आले, प्रतिबंधाची औषधं सुरू झाली. पुढच्या वजनाला काटा ३८.६ वर गेला. सरांनी आकड्याखाली लाल रेघ मारली, एरवी ते चुकीला मारतात तशीच. आजींची तक्रार मात्र उभी आहे: "हा बारीक तांदूळ पोटात ऱ्हात नाय, उकडा द्या." निरोप व्यापाऱ्यांना पोचवलाय. या महिन्यातही बारीकच आलाय.