आठ कोनांचं भोक

आमच्याकडे आजीचा एक भोकाचा पैसा आहे, १९४३ चा, युद्धाच्या काळात धातू वाचवायला ब्रिटिशांनी मधे गोल भोक ठेवून काढलेला, तो बाबा लहान असताना त्यांच्या करदोट्यात बांधलेला असायचा. भोकाच्या नाण्यांचं वेड मला तिथूनच लागलंय.

तर मागच्या महिन्यात चोरबाजारात एका चाचांच्या टोपलीत चिनी नाणी दिसली. फेंगशुईची लाल दोरीतली नव्हेत हां, जुनी, हिरवट गंज चढलेली. चाळता चाळता एक हातात आलं आणि मी तिथेच उकिडवा बसलो! चिनी नाण्याचं भोक चौकोनी असतं, इतकं की पैशाला ते लोक लाडाने 'चौकोनी भोकवाला दादा' म्हणायचे, आणि ह्याचं भोक आठ कोनांचं, अगदी चांदणीसारखं.

नाणं युआनफंग थोंगपाओ, म्हणजे चीनच्या उत्तर सोंग राजघराण्याच्या काळातलं, १०७८ ते १०८५. तेव्हा वर्षाला ५० लाख माळांच्या वर नाणी निघायची, एका माळेत हिशोबाने १००० नाणी, करा गुणाकार. ही ठोकून नाही, साच्यात ओतून बनवायचे. साच्यातून सगळी झाडाच्या फांद्यांना लागल्यासारखी एकत्र निघायची, मग ती तोडून चौकोनी दांड्यात ओवायची आणि कडा घासायच्या, भोक गोल असतं तर घासताना नाणं गरगर फिरलं असतं, चौकोनामुळे ते जाम बसतं. भोकातही साच्याचा धातू राहून जातो तो कोरून काढायचा, आणि तिथे हत्यार तिरकं बसलं की चौकोनावर चौकोन पडून आठ कोन होतात. संग्राहक ह्याला फुलाचं भोक म्हणतात, सहा कोनांचं असेल तर कासवाच्या पाठीचं. त्याआधीच्या तांग घराण्याच्या काळातल्या, ६२१ पासूनच्या खाययुआन नाण्यांवरही हे सापडतं.

काही जण म्हणतात हे मुद्दाम करायचे, काहीतरी खूण म्हणून. मला नाही पटत. माझ्या नाण्यात चार कोपरे खोल आणि स्वच्छ आहेत, बाकीचे चार उथळ, त्यातला एक तर नुसता ओरखडा, भिंगातून बघितलं की हत्यार घसरलेलं सरळ दिसतं. इतक्या नाण्यांच्या ढिगाऱ्यात कुणा एका कारागिराचा हात त्या दिवशी जरासा फिरला आणि ते माझ्यापर्यंत पोचलं, ह्या विचाराने मला परवा रात्री झोपच नाही लागली.

बाबांना दाखवलं, त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीवर त्याची चांदणी पाडली, बराच वेळ बघत बसले आणि मग आजीच्या पैशाच्याच डबीत ठेवून दिलं.