तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याच्या पावसात लाकडाचा डेक टिकतो का?

घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस मागच्या दारी आमच्या डेकवर, म्हणजे खांबांवर उचललेल्या लाकडी ओट्यावर, गेलं की हेच विचारतं, "एवढ्या पावसात हे लाकूड कुजत नाही?" आणि पाठोपाठ, "त्यापेक्षा भराव घालून फरशी का नाही टाकलीत?" मी उभ्या उभ्या "टिकतं हो" म्हणते आणि चहाचं बघायला आत जाते. आता आमच्या गल्लीतली दोन घरं डेक करायच्या विचारात आहेत, म्हणून एकदा बसून सगळं सांगते.

आमचं घर बावधनला, टेकडीच्या पायथ्याशी. मागची बाग म्हणजे सरळ उतार. दारापासून दहा फुटांवर जमीन साडेतीन फूट खाली गेलेली आणि त्याच्या पलीकडे बहावा. एप्रिलमध्ये तो फुलला की अण्णांना त्याच्याजवळ जाऊन बसायचं असायचं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि तो उतार त्यांना झेपेना. दारात खुर्ची टाकून लांबून बघत बसायचे. मला ते बघवत नव्हतं.

पहिला सल्ला सगळ्यांनी भरावाचाच दिला: खालच्या टोकाला भिंत, आत मुरूम, वर शहाबादी. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. भिंतीमागे भरलेली माती पावसात पाणी पिते, जड होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. पाणी निघून जायला भिंतीत भोकं हवीत, मागे खडीचा थर हवा, पाया खोल हवा. घरगुती कामात यातलं काहीतरी हमखास राहून जातं. २९ जून २०१९ ला मध्यरात्र उलटल्यावर कोंढव्यात पावसात एका सोसायटीची कुंपणभिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. आमच्याही खालच्या अंगाला एक कुटुंब राहतं. शिवाय बहाव्याच्या मुळांवर तीन फूट मुरूम टाकला असता, तर त्यांना हवा मिळाली नसती आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते झाडच गेलं असतं.

डेकला मात्र जमिनीवर नऊच ठिकाणी टेकायचं होतं. टेकडीवरून येणारं पाणी पूर्वी जसं वाहायचं तसंच आजही त्याच्या खालून वाहतं.

आता लाकडाचं. लाकडात सतत साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल राहिली की कुजवणारी बुरशी धरते. सरीवर सर कोसळली तरी दोन सरींच्या मध्ये फळी वाऱ्याला लागली, खालून-वरून सुकली, की बिघडत नाही. बिघडतं ते पाणी जिथे अडकून बसतं तिथे. आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, बाजूंनी त्या मानाने फारच कमी. म्हणून खांबाचं बूड ही डेकमधली सगळ्यात नाजूक जागा. एका ठेकेदाराने खांब थेट खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतायचं सुचवलं होतं. दिसायला मजबूत दिसतं, पण ते बूड काँक्रीटच्या वाटीत कायमचं ओलं राहतं.

आमच्या सुतारकाकांनी हे ऐकून एवढंच विचारलं, "ताई, वाड्यात कधी खांब मातीत पुरलेला पाहिलात?" मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. खांबाखालचा तळखडा, तो घडीव दगड, मला आठवतो. दुपारी त्याला टेकून बसलं की पाठीला गार लागायचा. तो शोभेसाठी आहे असंच मला वाटत आलं होतं. खांबाचं बूड जमिनीच्या ओलीपासून वर उचलायचं हे त्याचं काम. अजून बघायचा असेल तर विश्रामबाग वाड्याच्या चौकात जा. आमच्या डेकला जमिनीच्या वर सहा इंच आलेले काँक्रीटचे ठोकळे आहेत, त्यांचा माथा जरा उतरता, आणि त्यावर जस्त चढवलेले लोखंडी बूट. खांब त्या बुटात, काँक्रीटपासून इंचभर वर. काका त्यालाही तळखडाच म्हणतात. बाकीची नावंही त्यांनी वाड्याचीच ठेवली: खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. कडी-पाटच आहे तो, फक्त पाटापाटांत फटी सोडलेला.

खड्डे सगळे एकाच खोलीचे नाहीत. उतारावर वरची काळी माती वाहून खाली साचते. आमच्याकडे दाराजवळ फूटभर खणलं की मुरूम लागला, खालच्या टोकाला अडीच फुटांवर. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर ठोकळा बसवला तर तो वर्षभर वरखाली होत राहणार. मुरूम लागला की पहारीचा आवाज बदलतो, तोवर खणायचं. एका खड्ड्यात बहाव्याचं मनगटाएवढं मूळ निघालं. ते तोडलं नाही. खड्डाच दीड फूट आत घेतला, त्यामुळे त्या कोपऱ्यात तुळई खांबाच्या पुढे आलेली दिसते. कोणी विचारलं की मी कारण सांगते आणि मूळही दाखवते.

लेव्हल काढायचा दिवस मला फार आवडला. खांब आधी उंचच ठेवले होते. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक दाराजवळच्या खांबावरच्या खुणेशी धरलं, दुसरं टोक एकेका खांबाशी नेलं, पाणी स्थिरावलं की तिथे पेन्सिलची रेघ. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी रेघ चुकते, म्हणून काका प्रत्येक वेळी नळी बोटाने टिचकवून पाहायचे. नऊ रेघा झाल्या आणि मग करवत चालली. दाराजवळचा खांब वीतभर उरला आणि टोकाचा जवळजवळ तीन फूट. अण्णा खुर्चीतून सगळं बघत होते. काटकोनासाठी दोरीवर तीन, चार, पाच फूट मोजायचे, हे त्यांनीच काकांच्या आधी सांगितलं.

खांब आणि तुळया भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून आणलेल्या जुन्या सागवानाच्या आहेत. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते शोधले, मगच करवत लावली. सागवान घेताना आतला गडद गाभाच घ्या. कडेचा पांढुरका भाग वाळवी आवडीने खाते, मग नाव सागवान असलं तरी उपयोग नाही. फळ्या चार इंच रुंद, एप्रिलमध्ये बसवल्या, पाच मिलिमीटरच्या फटी ठेवून. जुलैत लाकूड फुगून त्याच फटी तीनवर येतात. घट्ट बसवल्या असत्या तर फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या असत्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाने सागवानावर काळे ओघळ येतात.

घराच्या भिंतीला डेक टेकवलेला नाही, दोन इंचांची फट आहे. नाहीतर भिंत ओलावली असती. कठडा साडेतीन फुटांचा, आणि त्यातल्या पट्ट्यांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणजे लहान मुलाचं डोकं जाणार नाही.

एक चूक मात्र झाली. बागेत उतरायच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या आम्ही थेट मातीवर टेकवल्या. एवढा तळखडा शिकून शेवटच्या पायरीला विसरलो. दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, नखाने खरवडली तर आत वाळवी. दोन्ही फळ्या काढून जाळल्या. आता सगळ्यात खालची पायरी काळ्या दगडाची आहे आणि लाकूड तिच्यावर टेकतं. डेकचे खांबही मी आता दर महिन्याला वाकून बघते.

बाकी देखभाल फार नाही, पण चुकवून चालत नाही. मेअखेरीला फटींत अडकलेली पानं जुन्या पट्टीने खरवडून काढायची. तो पानांचा लगदा ओल धरून ठेवतो आणि नेमका कड्यांवर बसतो. पावसात शेवाळं धरलं की खराट्याने घासायचं, कारण अण्णा काठी घेऊन चालतात. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की उकळलेलं अळशीचं तेल, फडक्याने, पातळ. ती तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

या पावसाळ्यात डेकला सहा वर्षं होतील. तुम्हाला करायचा असेल तर जुलैत, भर पावसात घरी या. डेकखाली शिरायला जागा आहे, मी बॅटरी देते. सगळ्यात टोकाच्या खांबाच्या बुडाला हात लावून बघा. अण्णा तेव्हा दारात बसलेले असतील, पाऊस थांबला की बाहेर येतील.