घरातील दोष लेखी मागताना: माझा अनुभव

बेळगावच्या शहापुरातील चिऱ्यांच्या भिंतींचे एक जुने घर आम्ही एजंटामार्फत विकत घेतले. ई-खाता (महापालिकेकडील मालमत्तेची नोंद), सिटी सर्व्हेचा उतारा, ईसी (मालमत्तेवरील बोजाचा दाखला) आणि उपनोंदणी कार्यालयातील दस्त हे सारे विनासायास पार पडले. व्यवहार अडला तो एका साध्या मागणीपाशी: एजंटाने घर स्वतः नीट पाहावे आणि त्यात जे दोष दिसतील ते आम्हाला लेखी द्यावेत.

घर बळ्ळारी नाल्यापासून फार दूर नाही. ऐन उन्हाळ्यात पाहायला गेलो तेव्हा बाहेरून नवा रंग होता, आत मात्र मागच्या खोलीच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंतच नव्या टाइल्स बसवलेल्या होत्या आणि त्यांच्या वर लोणा फुटून पोपडे सुटले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात कितीतरी घरांत पाणी शिरले होते, म्हणून त्याविषयी मी सरळ विचारले. एजंट म्हणाले, "इथं पाणी कधीच आलं नाही." तेच वाक्य कागदावर लिहून द्या म्हटल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला.

तेथून पुढे जो काळ गेला त्याचा राग मला अजूनही आहे. एजंटांच्या कार्यालयात गेले की घरमालकांना विचारा असे सांगत, आणि घरमालक म्हणत की सगळे एजंटांकडे सोपवले आहे. दोन्ही बाजूंकडून कमिशन घेणारा माणूस घराच्या स्थितीबद्दल मात्र "आमचं काम फक्त दाखवायचं" असे म्हणतो, हे मला मुळीच पटत नाही. आपली रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालील, नोंदणी आहे, असेही त्यांनी अभिमानाने सांगितले. ती खरी होती, पण २०१६ च्या त्या कायद्यातील एजंटाची कर्तव्ये नव्या प्रकल्पांतील विक्रीशी जोडलेली आहेत. एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जाणाऱ्या जुन्या घराला त्याचा आधार मिळत नाही, हे आमच्या वकिलांनी समजावून सांगितले.

आधार मिळाला तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ चा. विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो न सांगणे ही त्याच कलमानुसार लबाडी ठरते. परंतु जे डोळ्यांना दिसू शकते ते पाहण्याची जबाबदारी खरेदीदारावरच राहते, आणि करारात वेगळे ठरले असेल तर हे संरक्षणही कमी होते. म्हणूनच संचकार पत्राच्या (विसाराच्या कराराच्या) मसुद्यात बाँड रायटरने, म्हणजे दस्त लिहिणाऱ्याने, घातलेले "घर आहे त्या स्थितीत मान्य" हे वाक्य आम्ही काढायला लावले. मसुदा कन्नडमध्ये असेल तर प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्यावी. असे वाक्य बहुधा शेवटच्या पानावर असते.

कॅलिफोर्नियात हा प्रश्न १९८४ मध्येच न्यायालयापुढे आला होता. नीट न दाबलेल्या भरावावर उभ्या असलेल्या एका घराची जमीन घसरली. उतारावरची जाळी आणि उंचसखल फरशी एजंटांच्या नजरेस पडली होती, तरी त्यांनी चौकशी केली नाही. एजंटाने घराची वाजवी पाहणी करून आढळलेले दोष सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने ठरवले आणि पुढच्याच वर्षी तसा कायदाही झाला. आपल्याकडे जुन्या घरांसाठी असे स्पष्ट कर्तव्य असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी एजंटांनी तोडगा सुचवला की ते संचकार पत्रावर साक्षीदार म्हणून सही करतील. आम्ही तो नाकारला, कारण साक्षीदार फक्त सहीची साक्ष देतो, मजकुराची नव्हे. लेखी उत्तराशिवाय संचकाराची रक्कम देणार नाही असे निक्षून सांगितल्यावर मात्र घरमालक आणि एजंट एकत्र घरी आले, टाइल्सच्या भिंतीपाशी उभे राहिले, आणि २०१९ मध्ये मागच्या खोलीत पाणी आले होते हे मालकांनी मान्य केले. ते संचकार पत्रात लिहिले गेले, आणि एजंटांनी आपल्या लेटरहेडवर पाहणीचे वेगळे पत्र दिले. किंमत त्यानुसार उतरली. ते पत्र हातात घेतल्यावर मला जो आनंद झाला तो दस्त नोंदवतानाही झाला नाही.

शेजाऱ्यांना विचारायचे राहून जाऊ नये. समोरच्या मावशींनी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते आम्हाला एजंटांच्या आधीच दाखवले होते. कमिशन आम्ही पत्र मिळाल्यावरच बँकेमार्फत दिले आणि पावती घेतली, कारण पुढे ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर मोबदला दिल्याचा पुरावा लागतो, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.