पाझराची जमीन, मेंढ्या आणि बदके

फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आमची अडीच एकर जमीन आहे. पाझरामुळे तिचा दहा गुंठ्यांचा कोपरा बारमाही ओला राहतो. तिथे पीक साधत नाही, पण हरळी भर उन्हाळ्यातही हिरवी असते. दख्खनी जातीच्या नऊ मेंढ्या आणल्या, तेव्हा या कोपऱ्याचा मला मोठा आधार वाटला होता. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर दोन मेंढ्या खंगत गेल्या, त्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक पडल्या, जबड्याखाली पाणी उतरले आणि त्यांतली एक दगावली. पशुवैद्यांनी तिचे यकृत चिरून दाखवले, तेव्हा पित्तनलिकांत पानासारखे चपटे कृमी भरलेले होते.

या कृमीची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात आणि पाण्यात फुटतात. त्यांतून निघालेले डिंभक, म्हणजे बारीक अळ्या, पाणथळ जागेतल्या लहान गोगलगायीच्या अंगात शिरून तिथे अनेक पटींनी वाढतात, मग बाहेर येऊन काठच्या गवताला कवच करून चिकटून बसतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. गोगलगाय नसेल, तर ही साखळी पुढे सरकत नाही. फिरस्त्या धनगरांचा कळप एका ओलीवर महिनोन्‌महिने थांबत नाही. आम्ही मेंढ्या एका जागी ठेवल्या आणि हा धोका स्वतःच ओढवून घेतला, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणून पुढच्या वर्षी खाकी कॅम्पबेल जातीची बारा बदके आणली. ती चिखलात चोच घुसळून गोगलगायी वेचून खातात. ओला कोपरा कुंपण घालून त्यांना दिला आणि मेंढ्यांना तिथे जाणे पूर्ण बंद केले. बदके पहाटेपासून सकाळपर्यंत अंडी घालतात, त्यामुळे त्यांना नऊनंतरच सोडावे लागते, नाहीतर अंडी पाण्यात जातात. तरीही बदकांच्या भरवशावर औषध सोडता येत नाही. पावसाळ्यानंतर मी मेंढ्यांच्या लेंड्या तपासून घेतो आणि डॉक्टर सांगतील तेव्हा कृमिनाशक पाजतो.

सर्वांत जास्त दक्षता खाद्याची घ्यावी लागते. कोंबड्या-बदकांच्या खाद्यात तांबे असते आणि मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाऊन ती अचानक दगावू शकते, त्यामुळे बदकांची खाद्यभांडी मेंढ्यांचे तोंड पोहोचणार नाही अशाच जागी हवीत. गाईंचे खनिज मिश्रणसुद्धा मेंढ्यांना घालू नये. उलट बदकांना बुरशीच्या विषाची भीती असते. बुरसलेला मका किंवा शेंगदाणा पेंड कोंबडीच्या पिलाला जेवढी बाधते, त्याहून कितीतरी अधिक बदकाच्या पिलाला बाधते. पोत्याला ओल लागली असेल, तर किमतीचा विचार न करता ते खाद्य पुरून टाकावे.

राजहंसांची एक जोडीही आहे. ते मुख्यतः गवतावरच जगतात आणि रात्री अनोळखी पाऊल वाजले की सारी वस्ती जागी करतात. मात्र मेंढ्या विण्याच्या दिवसांत मी त्यांना वाड्यापासून दूर ठेवतो, कारण जोडीतला नर कोकरांच्या अंगावर धावून जातो.

येत्या उन्हाळ्यात वरच्या बांधालगत चर खोदून पाझर एका लहान तळ्यात उतरवायचा आहे. बदकांना तेवढे पाणी पुरेल, आणि बाकीचा कोपरा वाळल्यावर एक पूर्ण वर्ष तिथली हरळी मेंढ्यांना न चारता तशीच ठेवणार आहे.