हवेत तरंगणारा प्याला

साफसफाईसाठी टेबलावर आलेली कायलिक्स, म्हणजे दोन कानांचा पसरट मद्यप्याला, अथेन्सची, इ.स.पू. 490च्या आसपासची. बाहेरच्या बाजूला सॅटिरांचा, म्हणजे ग्रीक पुराणातल्या अर्धपशू रानगड्यांचा, नुसता धिंगाणा. एकाने अँफोरालाच, वाइनच्या दोन कानांच्या रांजणालाच, तोंड लावलंय. माणसं वाइनमध्ये पाणी घालून पीत, हे गडी निव्वळ ढोसतात. दुसरा हात टेकून मागे रेललाय आणि त्याच्या कमरेवर एक प्याला चक्क अधांतरी!

इतक्या सफाईने चितारणारा माणूस प्याला असा सोडून देणार नाही. दिवा आडवा धरला, तर ओटीपोटापासून प्याल्याच्या बुडापर्यंत काळ्या रंगाखाली केसाएवढा उंचवटा दिसला. या लाल आकृतींच्या शैलीत कड दाट चिकणमातीने ओढतात. भाजल्यावरही ती उठून राहते, वरून काहीही फासा. अल्ट्राव्हायोलेटखाली त्या पट्ट्याच्या कडेने झिरपलेला चपडा, म्हणजे लाखेचं रोगण, नारिंगी चमकला. म्हणजे मागाहून कुणा सोवळ्या हाताने सॅटिरचं ताठ लिंग काळं करून टाकलं होतं. प्याला त्यावरच तोललेला. ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सचा चित्रकार डूरिस याचं वाइन गार करायचं भांडं आहे, त्यावरचा सॅटिर हीच कसरत उघड करतो.

जुना चपडा पाण्याला दाद देत नाही, इथेनॉल लागतं. पण आधी ती जागा शुद्ध पाण्याने ओलावून घ्यायची. कोरडं खापर विरघळलेली काजळी आत ओढतं आणि तो डाग मग निघत नाही. काडीवरचा कापूस फिरवायचा, घासायचा नाही. काळा झाला की फेकायचा. डोक्यावरच्या माळेचा जांभळट लाल रंग भुसभुशीत असतो, तिथे बोळा नेऊच नये.

खरी धास्ती सांध्याची. तोही चपड्यानेच जोडलेला, त्यामुळे इथेनॉलची वाफ लागताच शेजारचं खापर हललं. मी काम थांबवलं, खापर सोडवून कडा साफ केल्या आणि पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक डिंकाने पुन्हा बसवलं. हा डिंक पुढे कधीही ॲसिटोनने सोडवता येतो.

काहींच्या मते तो काळा थरही इतिहासच, ठेवायला हवा होता. मला नाही पटत. आधीचे फोटो आणि रंगाचा कण नोंदीत आहेत, तेवढं पुरे. आता पाटी बदलायची आहे. तिच्यावर ‘बोकडाच्या पायांचे सॅटिर’ लिहिलंय. या काळातल्या सॅटिरांना घोड्याचे कान आणि घोड्याचं शेपूट असतं. बोकडाचे पाय पुढे पॅन या ग्रीक देवाकडून आले.