गावात बिअर-वाईनचं दुकान काढताना

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. द्राक्षाचं गाव. दारूचं म्हणाल तर आमच्या घरानं तिचं वाईटच पाहिलंय. माझे धाकटे चुलते दारूपायीच गेले. म्हणून मी बिअर-वाईनच्या परवान्याचं नाव काढलं, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

विचार डोक्यात आला तो २०२२ च्या जानेवारीत. सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळानं तेव्हा मान्यता दिली होती, पण विरोध झाला आणि ते प्रत्यक्षात आलंच नाही. शिवाय त्यात १,००० चौरस फुटांची अट होती, म्हणजे माझ्या किराणा दुकानाचा प्रश्नच नव्हता. पण एक गोष्ट मनातून जाईना. विंचूरचा वाईन पार्क आमच्याच तालुक्यात. आमच्या वडिलांनी वाईनची द्राक्षं लावली, मंदीत माल कोणी उचलेना म्हणून २०१० च्या सुमारास ती बाग तोडावी लागली. एवढं सगळं होऊन गावात वाईनची बाटली मिळत नव्हती. आपल्याकडे ‘वाईन शॉप’ म्हणतात तिथं व्हिस्की-रमच जास्त, वाईन कुठंतरी वरच्या फळीवर उन्हात. त्या दुकानांचे नवे परवाने तेव्हा कित्येक दशकांपासून मिळतच नव्हते. नवीन माणसाला वाट होती ती एफएल/बीआर-२ परवान्याची, म्हणजे सीलबंद बिअर आणि वाईन. मला तेवढंच हवं होतं.

पहिली चूक जागेत झाली. मुंबई-आग्रा महामार्गालगतचा गाळा बघितला, विसार देऊन बसलो. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा आदेश ऐकून माहीत होता, पण तो फक्त बारसाठी आहे असं मी धरून चाललो होतो. तो सगळ्याच मद्यविक्रीला लागू आहे. महामार्गापासून ५०० मीटर, आणि २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी २२० मीटर. शहरांना पुढे सूट मिळाली, आमच्या ग्रामपंचायतीला ती नव्हती. विसार गेला. कोणी नवीन असेल तर आधी टेप घेऊन मोजा, मग गाळेवाल्याशी बोला.

दुसरा गाळा बाजारपेठेमागे मिळाला. शाळा लांब, एसटी स्टँड लांब. जवळ म्हसोबाचं छोटं देऊळ होतं. परवान्यासाठी शाळा-मंदिरांपासूनचं अंतर मोजतात, त्यात ट्रस्ट म्हणून नोंदणी असलेलंच मंदिर धरतात, त्यामुळे कागदावर अडचण नव्हती. पण त्या देवळात आई रोज सकाळी दिवा लावते. मी तोही गाळा सोडला आणि दोन गल्ल्या पलीकडचा घेतला. एजंट वैतागला. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. भाडेकरार, मिळकतीचा उतारा, गाळ्याचा नकाशा, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, प्रतिज्ञापत्रं, आयकर विवरणपत्रं, अन्न परवाना. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे किराण्याचा जीएसटी नंबर असला तरी व्हॅटची नोंदणी वेगळी करावी लागते, यात माझे तीन आठवडे गेले. फाईल एका टेबलावर चार महिने पडून होती, दर खेपेला नवीन त्रुटी. शेवटी मी लेखी विनंती केली की सगळ्या त्रुटी एकाच पत्रात द्या. पत्र आलं, नऊ त्रुटी होत्या, आठवड्यात पूर्ण केल्या. तोंडी काही विचारत बसू नका.

नावाचंही सांगतो. वडिलांना ‘रामशेज’ नाव हवं होतं. पण मद्य विकणाऱ्या दुकानाला गडकिल्ल्यांची, महापुरुषांची नावं देता येत नाहीत. ते योग्यच आहे.

खरी परीक्षा ग्रामसभेची. ठरावाशिवाय फाईल पुढे सरकत नाही. १५ ऑगस्टच्या सभेत विषय आला आणि बायांनी एका सुरात नाही म्हटलं. पुढची सभा २ ऑक्टोबरला, त्या दिवशी हा विषय मांडायला सरपंचही तयार नव्हते आणि मीही नव्हतो. विशेष सभा घ्यायचं ठरलं. मधल्या दोन महिन्यांत मी घरोघर गेलो. काही पुढाऱ्यांनी सुचवलं, बायांना सोड, गड्यांची संख्या जमव. पण महिलांची सभा आधी होते, आणि पुढेही २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घेतात. त्यात ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, पुरेशी मतं पडली की दुकान बंद. त्यांना टाळून उघडलेलं दुकान मला नको होतं.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा नवरा रोज पितो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “भाऊ, तू शिकलेला. तू विकणार बिअर, पण दुकानापुढं लोक बसणार, त्याचं काय? माझी पोर क्लासवरून त्याच रस्त्यानं येती.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी चार गोष्टी लिहून काढल्या: उधारी नाही, २१ वर्षांखालच्याला नाही, दुकानापुढे कोणाला बसू देणार नाही, आणि क्लास सुटायच्या वेळेत शटर खाली. सभेत ते वाचून दाखवलं. ठराव थोडक्यात झाला. मावशींनी हात वर केला नाही, विरोधही केला नाही.

जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आली, फी चलनानं भरली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये दुकान सुरू झालं. नोकराचा नोकरनामा, म्हणजे त्याला दुकानात कामाला ठेवायची सरकारी परवानगी, करून घेतल्याशिवाय त्याला काउंटरवर उभं करू नका. वाहतूक पास हातात आल्याशिवाय एक पेटीही उतरवून घेऊ नका. उन्हाळा बिअरचा हंगाम, आणि पहिल्याच मे महिन्यात लोकसभेचं २० तारखेचं मतदान. १८ च्या संध्याकाळपासून बंद, परत ४ जूनला मतमोजणीचा बंद. बिअरची मुदत साधारण सहा महिन्यांची असते, म्हणून मी पहिला माल कमीच भरला होता. त्यानं वाचलो.

वाईनसाठी वेगळा फ्रिज घेतला, १४ अंशांवर. चाळिशीच्या पाऱ्यात कपाटातली चेनिन, म्हणजे चेनिन द्राक्षाची पांढरी वाईन, महिन्यात खराब होते, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला मला आवडतं. दहा-बारा वर्षं वाईनची द्राक्षं पिकवणारे एक काका एकदा आले. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातल्या साखरेचं माप, किती आल्यावर माल तोडायचा हे ते झोपेतही सांगतील, पण वाईन कधी चाखली नव्हती. चेनिनची बाटली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “आंबूस हाय, पण वास आपल्या बागेचाच.”

दुकानाशेजारी एक जुना दगडी कट्टा होता. गेल्या पावसाळ्यात एक जण तिथं कॅन उघडून बसला. मी आत हिशेब लिहीत होतो, माझ्या लक्षात आलं नाही. क्लासवरून मावशींची मुलगी येत होती, ती रस्ता बदलून मागच्या गल्लीनं गेली. मावशी काही बोलायला आल्या नाहीत. गवंड्याला बोलावून मी त्याच संध्याकाळी कट्टा फोडून घेतला.