‘ऱ्य’पाशी अडलेली वाट : विंडोजवरील फाइलींचे पत्ते लिनक्सवर नेताना

फाइलचा पत्ता एका प्रणालीतून दुसरीत न्यायचा म्हणजे बॅकस्लॅशच्या जागी स्लॅश टाकायचा, दहा मिनिटांचे काम, असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले त्या सर्वांना एकदा वेंगुर्ल्याला बोलावून माझी नोंदसूची दाखवावी, असे अजूनही मनात येते. दहा मिनिटांच्या या कामाला मला गणेशचतुर्थीपासून दसऱ्यापर्यंतचा काळ लागला.

आमच्या वाचनालयात परिसराच्या छायाचित्रांचा एक संग्रह आहे. त्यात देवळे, विहिरी, होड्या, कातळशिल्पे, जुने दस्तऐवज असे सगळे आहे आणि त्याची सूची मी गेली काही वर्षे एका तक्त्यात ठेवत आलो आहे. प्रत्येक नोंदीपुढे त्या छायाचित्राचा संगणकावरील पत्ता असतो, ज्याला सगळेजण पाथच म्हणतात. नोंदी ३,१८४. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होता, आमच्या जुन्या संगणकावर पुढची आवृत्ती चालणार नव्हती आणि नवा संगणक घ्यायला पैसे नव्हते. म्हणून विंडोजच्या जागी मोफत मिळणारे उबंटू लिनक्स बसवायचे ठरले. चतुर्थीला मुंबईहून आलेल्या भाच्याने ते बसवून दिले, जुन्या डिस्कवरील छायाचित्रे स्वतःच्या जुन्या मॅक लॅपटॉपवर घेतली, तेथून ती आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या साधनाने नव्या प्रणालीत उतरवली आणि पाच दिवसांच्या गणपतीबरोबर तोही गेला.

येथे मी सर्व पत्ते देवनागरीत लिहीत आहे. यंत्रावर ड्राइव्हचे अक्षर आणि फाइलचा शेवटचा प्रत्यय अर्थातच रोमन लिपीत असतो. सूचीतील पत्ता असा होता : ई:\छायाचित्रे\किनाऱ्यावरील देवळे\कुणकेश्वर\दीपमाळ ३.जेपीजी. लिनक्समध्ये ड्राइव्हला अक्षर नसते, सगळी झाडे एकाच मुळावर वाढतात, म्हणून ‘ई:’ जाऊन त्या जागी डिस्क जेथे जोडली आहे तो पत्ता आणि पुढे सुलटे स्लॅश आले पाहिजेत. विंडोजचा पूर्वज असलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच आणि स्लॅश हे चिन्ह आज्ञेचे पर्याय सांगण्यासाठी वापरात होते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह मोकळे नव्हते, म्हणून बॅकस्लॅश घेतला गेला. त्या निर्णयाची किंमत मी बेचाळीस वर्षांनी वेंगुर्ल्यात बसून चुकवली.

हा भाग तक्त्यातील अदलाबदलीच्या सूत्राने खरोखरच दहा मिनिटांत झाला. एवढेच सांगतो की पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्याने विंडोजचा पत्ता लिनक्सवर वाचताना तिच्या पाथलिब या भागातील ‘प्युअरविंडोजपाथ’ हाच प्रकार घ्यावा. साधा ‘पाथ’ घेतला तर लिनक्सच्या दृष्टीने बॅकस्लॅश हे नावातील एक सामान्य अक्षर ठरते. मी ती चूक केली आणि होम फोल्डरमध्ये ‘ई:\छायाचित्रे\…’ अशा संपूर्ण पत्त्याचेच नाव धारण केलेली एक लांबलचक फाइल तयार होऊन बसली. ज्यांना विंडोज सोडायचे नाही, पण त्यातच लिनक्स चालवायचे आहे, त्यांच्यासाठी डब्ल्यूएसएलपाथ आणि सिगविनचे सिगपाथ ही तयार साधने आहेत; ड्राइव्हचे अक्षर आणि स्लॅश ती बिनचूक बदलतात.

भाच्याने जाण्यापूर्वी एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो प्रत्येक पत्ता तपासून शेजारच्या रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहितो. पहिल्या फेरीत ७०२ ‘नाही’ आले. त्यांतील ८४ ठिकाणी कॅमेऱ्याने प्रत्यय मोठ्या रोमन अक्षरांत लिहिला होता आणि मी सूचीत लहान अक्षरांत. विंडोजला त्याचे सोयरसुतक नसते, लिनक्सला असते. (देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे आपली नावे या कचाट्यातून सुटतात, असे समाधान मी तेव्हा करून घेतले. ते फार टिकले नाही.) सात फाइली तर उतरल्याच नव्हत्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. उरल्या ६११.

या ६११ फाइली डोळ्यांसमोर दिसत होत्या. फोल्डर उघडून टिचकी मारली की छायाचित्र उघडत होते. सूचीतील पत्ता आणि फोल्डरचे नाव मी शेजारी शेजारी ठेवून, भिंग घेऊन पाहिले. काना, मात्रा, वेलांटी, सगळे तेच होते. तरीही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, पत्ता टंकला की उत्तर एकच, ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. बाहेर पावसाची झड लागलेली, दर तासाला वीज जात होती आणि वीज आली की मी पुन्हा तोच पत्ता, जणू यंत्राला या वेळी दया येईल अशा आशेने, टंकत होतो.

तिसऱ्या दिवशी लक्षात आले की ‘कातळशिल्पे’, ‘होड्या’, ‘दस्तऐवज’ या फोल्डरांतील सर्व नोंदी उघडतात आणि ‘किनाऱ्यावरील देवळे’, ‘पायऱ्यांच्या विहिरी’, ‘आचऱ्याचा रामेश्वर’ या माझ्या फोल्डरांतील एकही उघडत नाही. तिन्हींत ‘ऱ्य’ होता. मग मी तक्त्यात अक्षरे मोजणारे लेन हे सूत्र वापरले. सूचीतील ‘किनाऱ्यावरील देवळे’ १८ अक्षरचिन्हांचे भरले आणि डिस्कवरून उचलून चिकटवलेले तेच नाव १९ चिन्हांचे. दिसायला अगदी एक, मोजायला वेगळे. असे काही अडले की डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, आधी लेन लावावे, एवढे मात्र मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

येथून पुढे मी स्वतःच्या हुशारीने दोन दिवस घालवले. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो हे मला ठाऊक होते. इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर मिळते आणि त्याला हलन्त व य जोडले की ‘ऱ्य’ होतो. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक आणि य. वाचनालयातील आमच्या सहकारी ताई ध्वन्यनुसारी कळफलक वापरतात आणि त्यांच्याकडून हा दुसरा प्रकार उमटतो. त्यामुळे विंडोजवर असतानाही ‘किनाऱ्यावरील देवळे’ या नावाचे दोन फोल्डर, एक माझा आणि एक ताईंचा, एकाच जागी गुण्यागोविंदाने नांदत होते आणि हे कसे शक्य आहे असा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नव्हता. जोडकाच्या प्रकाराने लिहिले की हे नाव बरोबर १९ चिन्हांचे होते. तेव्हा भाच्याच्या मॅकने माझ्या नावांत जोडक घुसवला, असा निकाल मी देऊन टाकला आणि डिस्कवरील सर्व नावांतून जोडक काढून टाकणारा प्रोग्रॅम चालवला.

‘नाही’ची संख्या ६११ वरून ७३७ झाली.

माझ्या फोल्डरांत जोडक नव्हताच, त्यामुळे तेथे काहीही बदलले नाही. ताईंच्या फोल्डरांत तो होता, त्यांचे पत्ते सूचीत तसेच उतरवलेले होते आणि ते आतापर्यंत निमूटपणे उघडत होते. तेवढे मी मोडले. जोडक काढल्यावर साधा र आणि य यांचा रफार होतो, म्हणून ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या फोल्डरचे नाव ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले. घाटावरच्या दऱ्याखोऱ्यांचा मी एका आज्ञेत समुद्र केला. ताईंनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या. जुनी डिस्क हाताशी होती म्हणून तिच्यावरून नावांची यादी काढून सगळे पूर्ववत करता आले. अन्यथा १२६ नावे हाताने टंकावी लागली असती. नावे बदलणारी कोणतीही आज्ञा चालवण्यापूर्वी जुन्या नावांची यादी एका फाइलीत उतरवून ठेवावी, हे मी आधी लिहायला हवे होते.

शेवटी भाच्याला फोन केला. त्याने डिस्कवरील नाव हेक्सडंपमधून काढायला लावले, म्हणजे नावातील एकेक बाइट आकड्यांत दिसतो, आणि मी ते आकडे फोनवर वाचून दाखवू लागलो : ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी. तेथे त्याने मला थांबवले आणि म्हणाला, “मामा, ह्यां दिसता तसा नाय हा.” युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ऱ’ या अक्षराचा क्रमांक ०९३१ आहे, पण तेच अक्षर साधा र, क्रमांक ०९३०, आणि त्याखालचे टिंब म्हणजे नुक्ता, क्रमांक ०९३सी, असे दोन तुकड्यांतही लिहिता येते आणि प्रमाणानुसार ही दोन्ही रूपे समान मानली जातात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलपद्धती नाव साठवतानाच त्याचे असे तुकडे करते. ॲपलने २०१७ मध्ये मॅकवर आणलेली एपीएफएस नावे दिली तशीच ठेवते, परंतु भाच्याचा लॅपटॉप त्याआधीचा. माझे अखंड ‘ऱ’ त्या डिस्कवर गेले आणि तुकडे होऊन बाहेर पडले. लिनक्स नावांकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहते, त्यामुळे समान मानणे वगैरे त्याच्या गावीही नसते. एक चिन्ह वाढले म्हणून लांबी १९ झाली होती, आणि जोडकाची लांबीही १९ होती, हा निव्वळ योगायोग मला दोन दिवस फिरवत राहिला. बाइट मोजले असते तरी दोन्हींचे ५५ च भरले असते, कारण जोडक आणि नुक्ता दोघेही तीन तीन बाइटांचे.

मराठी लिहिणाऱ्याला हे किती वारंवार भोवेल याचा विचार करावा. दुकानदाऱ्या, शेतकऱ्यांची नावे, वाऱ्या, पायऱ्या, किनारे असे सगळे अनेकवचनात किंवा सामान्यरूपात गेले की ‘ऱ्य’ आलाच. इंग्रजी नावांच्या फाइलींना यातले काहीच होत नाही, म्हणून सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नसते आणि ते आपल्याला स्लॅश बदलायला सांगून मोकळे होतात.

उपाय चार मिनिटांचा निघाला, त्याचा राग वेगळाच. कन्व्हएमव्ही नावाचे साधन आहे; त्याला आधीचे आणि नंतरचे संकेतन दोन्ही यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) असे सांगून एनएफसी, म्हणजे अखंड रूपाचा, पर्याय दिला की तुकड्यांची नावे पुन्हा अखंड होतात. ते आधी केवळ काय बदलेल ते दाखवते, प्रत्यक्ष बदल करण्यासाठी नोटेस्ट हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. ही सवय सर्वच साधनांना असती तर माझ्या हातून दऱ्यांचा दर्या झाला नसता. सूचीतील पत्तेही पायथॉनमधील युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने त्याच रूपात आणले, म्हणजे दोन्ही बाजू एका मापाच्या झाल्या. जोडकाचा प्रकार मात्र यात बदलत नाही, कारण युनिकोड त्याला ‘ऱ’ च्या बरोबरीचा मानत नाही. ताईंचा फोल्डर माझ्या फोल्डरमध्ये हातानेच मिसळावा लागला. हिंदी-उर्दूतील नुक्तेवाली अक्षरे असतील तर ती एनएफसी रूपातही तुकड्यांतच राहतात, त्यामुळे तेथे घाबरून जाऊ नये. आणि मॅकवरून आरसिंकने थेट उतरवताना आयकॉन्व्ह हा पर्याय देऊन एका बाजूला यूटीएफ-८-मॅक आणि दुसरीकडे यूटीएफ-८ लिहिले असते तर यातले काहीच घडले नसते. हे भाच्याला आता माहीत आहे.

त्या फेरीनंतर तीन ‘नाही’ उरले. तिन्ही ठिकाणी माझ्याकडून पत्त्याच्या अगदी शेवटी एक मोकळी जागा पडली होती. विंडोज ती मुकाट्याने छाटून टाकत असे, लिनक्स तिला नावाचा भाग समजते. टर्मिनलमध्ये देवनागरी नाव कधीही हाताने टंकू नये, पहिली दोन अक्षरे देऊन टॅब दाबावा, उरलेले नाव यंत्र भरते, हेही मला याच वेळी उमगले, म्हणजे सर्व संपल्यावर. मॅकवरून आलेल्या नावांत अधूनमधून अपूर्णविराम दिसला तर तोही तपासावा : मॅकच्या फाइंडरमध्ये नावात स्लॅश टाकता येतो, पण आत तो अपूर्णविराम म्हणून साठतो, आणि असे नाव विंडोज घेतच नाही. भाच्याने फोल्डरला दिलेली ‘१२/३’ ही तारीख आमच्याकडे ‘१२:३’ होऊन आली होती.

राहिल्या त्या सात फाइली. छायाचित्राची संपूर्ण ओळख नावातच लिहायची माझी जुनी खोड होती, ‘निवतीच्या किल्ल्यावरून दिसणारे भोगव्याचे बंदर, पावसाळ्यानंतरची पहिली होडी बाहेर काढताना…’ अशी. विंडोज एका नावात २५५ चिन्हे घेते आणि त्याचा जुना जाच संपूर्ण पत्त्याच्या २६० चिन्हांचा असतो. लिनक्सवर संपूर्ण पत्ता ४,०९६ बाइटांपर्यंत चालतो, पण एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळ्या धरून, तीन बाइट खाते. म्हणजे मराठीत एका नावाला फार तर ८५ चिन्हे. हिशेब कळल्यावर मी सातही नावे तोडली, मूळ ओळखी सूचीत ‘तपशील’ या नव्या रकान्यात हलवल्या आणि जुन्या डिस्कवरून त्या फाइली, या वेळी मॅकला मध्ये न घेता, थेट उतरवल्या.